तुटणारा आवाज

"आई, तुझा आवाज तुटतोय," म्हणत निरंजन दर रविवारी जर्मनीहून केलेला व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत आटपायचा. शेवटी मंदाकिनीबाईंनी केबलवाल्याला बोलावलं.

त्यानं वायर बदलली, राउटर बंद-चालू केला, मोबाइलवर काहीबाही तपासलं. "मावशी, लाइन ठणठणीत आहे. तुमचं सगळं अपलोड हा खातोय." त्यानं शोकेसवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "कुणीतरी दिवसभर लाइव्ह बघत असतं. आत्तासुद्धा. बंद करू?"

तो कॅमेरा निरंजननं जाताना चोराचिलटांच्या भीतीनं बसवला होता. त्यातलं फक्त त्याच्याच फोनवर दिसायचं.

"मेल्याला बोलायला वेळ नाही," त्या पुटपुटल्या. "राहू दे चालू."

केबलवाला गेल्यावर त्यांनी गॅलरीतली आपली खुर्ची उचलून कॅमेऱ्यासमोर आणली आणि मेथीची जुडी घेऊन त्या एकेक पान सावकाश खुडत बसल्या.