सील न फोडलेली प्रत

"मी सध्या वेनिंगचं पुस्तक वाचतेय," तितिक म्हणाली आणि पुस्तक छातीशी धरून फोटोसाठी हसली.

तिच्या आधी मार्सियानेही हेच सांगितलं होतं. तिच्याही आधी हार्तिनीने. जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या या बायकांची महिन्याची भिशी कुसरिनीताईंनी पुस्तकभिशी करून टाकली होती. चिठ्ठी उचलण्याआधी प्रत्येकीने आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं, असा नियम. एरवी स्वयंपाकाची, नाहीतर वजन उतरवायची पुस्तकं यायची. आज सगळ्यांच्या हातात एकच कादंबरी होती, कारण ती लिहिणारी त्यांच्यातच बसली होती. मैत्रिणीचा मान राखायचा म्हणजे राखायचा.

वेनिंग चटईवर बसून सगळ्यांचे आभार मानत होती आणि आतल्या आत नुसती धुमसत होती.

कुठपर्यंत आलीस, असं तिने तितिकला विचारून पाहिलं. अजून सुरुवातच आहे म्हणे, इतकं छान आहे की संपवावंसंच वाटत नाही. मार्सियाला मुखपृष्ठ फार आवडलं होतं. हार्तिनीने अक्षर मोठं असल्याचं कौतुक केलं. दुकानातून पुस्तक येतं तेव्हा त्यावर पातळ प्लास्टिकचं सील असतं. मार्सिया आणि हार्तिनीच्या प्रतींवर ते अजून तसंच चकाकत होतं. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी अवाक्षर काढत नव्हतं. जावामध्ये असलं काही बोलून दाखवणाऱ्याला लोक अडाणी समजतात.

वेनिंगला कौतुक नको होतं. पुस्तक बाहेर आल्यापासून ती भांडणाची वाट बघत होती. सातव्या प्रकरणात तिने नावं बदलून सगळं लिहिलं होतं. कम्युनिस्ट ठरवून सैनिकांनी तिच्या वडिलांना ट्रकमधून नेलं, ते एकोणीसशे पासष्टचं वर्ष. गल्लीत भीतीने कोणी त्यांच्या घरच्यांशी बोलेनासं झालं होतं. आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा लहानगी वेनिंग सुईणीच्या दारावर दोन्ही मुठींनी ठोकत राहिली. आत दिवा होता, माणसं होती. दार उघडलं नाही. आई गेली, पोटातलं बाळही गेलं.

ती सुईण म्हणजे कुसरिनीताईंची आई. आता नव्वदीची, याच घरात, आतल्या खोलीत. कुसरिनीताईंनी रडावं, चिडावं, खोटारडी म्हणावं, घरातून हाकलून द्यावं. वेनिंगला काहीही चाललं असतं. त्या दाराबद्दल कोणीतरी एकदा बोलावं, म्हणून तर तिने लिहायला घेतलं होतं.

कुसरिनीताईंची पाळी आली. त्यांनी काचेच्या कपाटातून, चांगल्या कपबशांच्या शेजारून आपली प्रत काढली. सील जसंच्या तसं.

"मीही हेच वाचतेय. काय लिहिलंय आमच्या वेनिंगने," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वेनिंगचा संयम सुटला. तिने ताईंच्या हातातून पुस्तक घेतलं. सही करतेय असं वाटून तितिकने पेन पुढे केलं. वेनिंगने पेन घेतलं नाही. प्लास्टिक नखाने निघेना, तेव्हा तिने ते दाताने फाडलं. बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"मी वाचून दाखवते," वेनिंग म्हणाली. "तुम्हाला कोणाला वेळ होत नाही ना."

ती पानं उलटू लागली. कुसरिनीताई पटकन तिच्या शेजारी येऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांनी उघड्या पानावर हात ठेवला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या, "सातवं नको."

वेनिंग त्यांच्याकडे बघतच राहिली. सील तर तिने आत्ताच, स्वतःच्या दातांनी फोडलं होतं.

"ही दुसरी प्रत आहे," ताई म्हणाल्या. "पहिली वाचली मी. आल्या दिवशीच वाचली. ही मुद्दाम आणली, कपाटात ठेवायला."

म्हणजे इतके दिवस ताई बाजारात भेटून भाजीचे भाव बोलत होत्या, ते सगळं वाचून.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ताईंचा हात पानावरून हलला नाही. "आई रोज संध्याकाळी उठून बसते. दार कोण वाजवतंय बघ, म्हणते. वर्षानुवर्षं म्हणतेय. तू लिहायच्या किती आधीपासून."

"तुम्ही काय सांगता?"

"कोणी नाही, झोप, असं सांगते."

एवढं बोलून त्यांनी मान वर केली, आवाज चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाल्या, "वेनिंग म्हणतेय, आधी खाऊन घेऊ. चहा गार होतोय." बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. केळीच्या पानातल्या भाताच्या पुरचुंड्या या हातातून त्या हातात फिरू लागल्या. तितिक पाककृती विचारायला लागली.

वेनिंगने पुस्तक मिटून चटईवर ठेवलं आणि ती उठली. हात धुवायला चालली असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती मोरी ओलांडून पुढे गेली, आतल्या खोलीच्या बंद दारासमोर उभी राहिली आणि तिने मुठीने दार ठोकलं. एकदा, मग आणखी जोरात.

बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. कुसरिनीताई हातात किटली घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आत खाट करकरली. फरशीवर अनवाणी पावलं घासत दाराकडे येऊ लागली.

"थांब गं पोरी," म्हातारी आतून म्हणाली. "उघडतेय."