मालक फोटोत हवा

“माणूस गोरा दिसला नाही तरी चालतंय, मल्लेश. भिंत दिसली पाहिजे.”

रेणुकादासने तिसरा कॅमेरा काउंटरवर परत ठेवला. पहिला जड होता. दुसऱ्यात अर्धीच खोली मावत होती. हा तिसरा मागचं सगळं पुसट करून चेहरा तेवढा उजळ काढत होता. लग्नाच्या अल्बमला तो झकास होता, पण रेणुकादासला लग्नं काढायची नव्हती. नांदेडमध्ये तो चोवीस वर्षं व्हॅल्युएशनचं काम करत होता. बँकेने जिच्यावर कर्ज दिलं ती इमारत बघायची, मोजायची, फोटो काढायचे, अहवाल द्यायचा. त्याला अंधाऱ्या जिन्यात चालणारा, फोटोवर तारीख उठवणारा आणि मोटरसायकलवरून पडला तरी न रुसणारा कॅमेरा हवा होता.

निकडही होती. लातूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलचे त्याने मोबाइलवर काढलेले फोटो बँकेने अंधुक म्हणून परत पाठवले होते. उद्या, सोमवारी, ते नव्याने काढायला जायचं होतं. हॉस्टेल चन्नबसप्पाचं. चार मजले, आणि ‘नीट’च्या क्लासला आलेल्या नव्वद मुली. त्यातलीच एक रेणुकादासची मुलगी श्रद्धा. दरवर्षी आपणच तपासतो त्या इमारतीत पोर असली की रात्री शांत झोप लागते, असं तो बायकोला छातीठोकपणे सांगायचा.

“तुमचे जुने फोटो दाखवा सर,” मल्लेश म्हणाला. तो मूळचा देगलूरचा. गिऱ्हाइकाचं काम बघितल्याशिवाय तो माल गळ्यात मारत नसे. त्याने रेणुकादासचा पेनड्राइव्ह दुकानातल्या मोठ्या टीव्हीला लावला आणि हॉस्टेलचे तीन वर्षांचे फोटो शेजारी शेजारी उघडले.

एका फोटोत मालक इमारतीपाशी उभा हवाच, असा बँकेचा नियम. चन्नबसप्पा तिन्ही वर्षं उभा होता, जिन्याजवळच्या एकाच कॉलमला पाठ लावून. पहिल्या वर्षी एकटा. दुसऱ्या वर्षी शेजारी त्याची बायको, नीलाबाई. यंदा दोघं, आणि दोघांच्या पाठीशी अ‍ॅडमिशनचा उभा बोर्ड. कडेला अंगणातली मेसची पत्र्याची शेड दिसत होती, आणि फाटकापाशी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच जेवणाची घंटा. ती वाजली की चारी मजल्यांवरच्या मुली ताटं घेऊन अंगणात उतरायच्या.

मल्लेशने यंदाचा फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

“सर, मालकाच्या डोक्यावर हे काय हाय? वायर?”

वायर नव्हती. बोर्डामागून निघालेली भेग तिरकी वर जाऊन छताला भिडली होती. गेल्या वर्षीच्या फोटोत ती नीलाबाईच्या पदराआडून बोटभर डोकावत होती.

“माणूस लई बेरकी हाय,” मल्लेश म्हणाला. “दर साली तिथंच उभा राहून राहिला.”

चारी मजल्यांचा भार त्या कॉलमवर होता, हे रेणुकादासला कोणी सांगायला नको होतं. दिवाळीला घरी आलेली श्रद्धा म्हणाली होती, बाबा, जिन्यापाशी ठेवलेल्या आमच्या चपलांत रोज वाळू पडते. झटकून घालत जा, असं त्याने पेपरातून मान वर न करता सांगितलं होतं.

त्याने तिथूनच श्रद्धाला फोन लावला. रविवार होता, मुलींना फोन मिळायचा वार. श्रद्धा लगेच बोलली.

“चन्नबसप्पा कुठं आहे?”

“इथंच आहेत काका, अंगणात. देऊ?”

“स्पीकरवर टाक. तुझ्यासमोरच विचारतो त्याला.” मग त्याचा आवाज चढला. “चन्नबसप्पा, लाज नाही वाटली? तीन वर्षं माझ्यापासून भेग लपवलीस?”



“तुमच्यापासून?” चन्नबसप्पाचा आवाज आला. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “साहेब, पहिल्या साली तुम्हीच की मला दंड धरून तिथं उभं केलंत. केसाएवढी चीर होती. म्हणलात, प्लास्टरची हाय, पण बँकेला दिसली तर दहा प्रश्न विचारतील, मला परत लातूरला यावं लागंल. तवापासनं मी तिथंच उभा राहतो. चीर वाढली तशी हिला बी घेतलं. मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय.”

खरं होतं. पाच वाजताची नांदेड गाडी धरायची होती त्या दिवशी. एवढंच कारण होतं. रेणुकादास ते पार विसरूनही गेला होता.

“बाबा,” श्रद्धा म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. “मी एकटीच बाहेर पडू, का सगळ्यांना सांगू?”

सगळ्यांना सांगितलं की का म्हणून विचारणार. का म्हणून विचारलं की अहवाल निघणार, आणि तिन्ही अहवालांवर सही त्याची. चोवीस वर्षांचं नाव होतं. टीव्हीवर चन्नबसप्पा आणि नीलाबाई त्याच्याकडे बघून हसत होते.

“तू निघ आधी,” तो म्हणाला. “बाकीचं मी बघतो.”

फोन चालूच राहिला. श्रद्धाची पावलं ऐकू आली, पळणारी. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज त्याच्या कानात घुमायला लागला.

श्रद्धा जेवणाची घंटा बडवत होती. जेवणाला अजून दोन तास होते.