सवत चढ चढते

"लोखंड कधी म्हातारं होत नाही. म्हातारी होते ती माणसाची नियत!" मिस्त्रींनी पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं आणि पिकअपचं दार आतून उघडायला गेले, तर मूठ हातात आली.

ती त्यांनी शांतपणे खिशात टाकली, खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडलं आणि रोज असंच उतरतो अशा थाटात खाली उतरले.

पुलाच्या कडेला जावयाची नवीकोरी गाडी बंद पडून उभी होती. जावई तासभर आत बसून फोनवर बोलला होता; दिवे, गाणी, सगळं चालू ठेवून. बॅटरी बसली, आणि त्याने सासऱ्यांना फोन लावला.

मिस्त्रींच्या आयुष्यात इतका गोड फोन बऱ्याच दिवसांत आला नव्हता. जावई दातांचा डॉक्टर. जुनं झालेलं, हलणारं, आवाज करणारं जे काही असेल त्याच्यावर त्याच्याकडे एकच औषध: काढून टाका. पिकअपबद्दल दोन वर्षं तो हेच सांगत होता, आणि अखेर सासूबाईंना ते पटलं होतं. भंगारवाला उद्या सकाळी येणार होता. सत्तावीस वर्षं कपाटं, पलंग आणि दारांच्या चौकटी वाहिलेल्या गाडीचे उद्या तुकडे होणार होते.

"बाबा, नुसत्या वायरी जोडून तुमच्या बॅटरीवर सुरू होईल," जावई म्हणाला.

"आजारी माणसाला रस्त्यात रक्त देत नाहीत, जावईबापू. दवाखान्यात नेतात. वर टेकडीवर गॅरेज आहे. ओढून नेऊ."

"ही ओढणार?" मागून मिस्त्रींच्या बायकोने विचारलं. ती साक्षीदार म्हणून आली होती. पिकअपला ती पहिल्या दिवसापासून 'सवत' म्हणे. "रिकामी असताना आपल्या गल्लीचा चढ चढत नाही ती."

"आणि चढली तर?"

"चढली तर भंगारवाल्याला मी स्वतः नको म्हणून सांगते. आणि सवतीला हारही घालते."

"ऐकलंत, जावईबापू? साक्षीला राहा."

जावयाने दोर काढला. मिस्त्री हसले. एकदा दोर तुटून एक तीनदारी कपाट ओढ्यात गेलं होतं, तेव्हापासून ते दोराचं तोंड पाहत नसत. त्यांनी स्वतः घडवलेला जाड लोखंडी दांडा काढला आणि दोन्ही गाड्यांच्या मध्ये बोल्ट लावून पक्का आवळला.

"आता अंतर ना वीतभर कमी, ना वीतभर जास्त. तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा. बाकीचं ही बघेल."

"बरं, बाबा," जावई म्हणाला.

पहिलं वळण पिकअपने खोकत का होईना, पार केलं. दुसऱ्या वळणाआधी मागून एक हिसका बसला. मिस्त्रींनी आरशात पाहिलं. जावई स्टिअरिंग धरून नाकासमोर बघत होता.

"गिअरमध्ये ठेवली असेल. शिकले खूप, पण गाडी काही येत नाही," मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्या वळणाचा चढ खरा. पिकअपचा वेग उतरला. इंजिन ओरडत होतं आणि चाकं ऐकत नव्हती. जळका वास आला. मागून सायकल ढकलत येणारी एक बाई त्यांना गाठून पुढे गेली.

"बघा, थांबली," बायको म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, पण त्या क्षणी मिस्त्रींना कशाचंच भान नव्हतं. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला.

"माझे बये, आजच्या दिवस लाज राख."

आणि पिकअपने उचल खाल्ली! कुणी पाठीवर थाप मारावी तशी ती निघाली. सायकलवाली मागे पडली. विटांनी भरलेला ट्रॅक्टर मागे पडला. त्याला मिस्त्रींनी लांबलचक हॉर्न दिला. उरलेल्या वळणांवर वेग इतका होता की त्यांना ब्रेक मारावे लागले.

"चढावर ब्रेक! ऐकलंय कधी?" ते ओरडले.

"अहो, पुढे बघा," बायको म्हणाली, पण तिने पदराने डॅशबोर्डवरची धूळ पुसलेली त्यांनी पाहिली.

गॅरेजसमोर वरात थांबली. टायरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गॅरेजवाल्याने पिकअपभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि कान खाजवला. मग जावयाच्या गाडीची किल्ली फिरवली. ती एका फटक्यात सुरू झाली.

"संगत! चांगल्या गाडीची संगत लागली तिला!" मिस्त्रींनी जमलेल्यांना सांगितलं.

बायकोने खरोखरच फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, परवाही नको. ती आमच्या घरातली आहे." आणि फोन ठेवून ती हाराची चौकशी करायला समोरच्या फुलवालीकडे गेली.

आता मोठ्या मनाने वागायची पाळी मिस्त्रींची होती. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. चूक कुणाची होत नाही? पुन्हा कधी अडलात तर एक फोन करा. मी आणि ही, दोघं हजर."

"नक्की, बाबा." जावयाने सासूबाई लांब आहेत ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फक्त एक विनंती आहे. पुढच्या वेळी वळणावर ब्रेक मारू नका. ढकलायला फार जड जातं."