पिठावरचं पाऊल

लातूर नवा जिल्हा झाला आणि धुरपताबाईचा व्यंकट तिथं कचेरीत शिपाई म्हणून गेला, तो फिरकलाच नाही. दुष्काळात म्हातारी एकटीच टँकरवर घागर लावायची.

त्या दुपारी पाणी घेऊन ती घरात शिरली, तर तिच्या अंथरुणाच्या जागी दिवा जळत होता. भोवती पीठ पसरलेलं. माणूस गेलं की पुढच्या जन्माचं पाऊल उमटावं म्हणून पसरतात, तसं.

"साखरे, माज्या घरात कोन मेलं गं?" तिनं शेजारणीला हाक मारली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "तुमच्या घरात तुमच्याबिगर हायच कोन, मावशी?"

धुरपताबाई खाली वाकली. पिठात एकच पाऊल होतं, दाराकडं निघालेलं. त्याला अंगठा नव्हता.

विळ्यानं अंगठा तुटलेला आपला उजवा पाय तिनं हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.