मिशेरी

सहासष्टची दुबई. यानी नावाचा ग्रीसचा मिस्त्री, तंबाखू पिकवणाऱ्या गावातला. घरून पार्सल आलं की ऑलिव्हची बरणी तो कॅम्पच्या भटारखान्यात सगळ्यांसाठी ठेवी. त्यामुळे आज फळीवर दोऱ्यात ओवलेली तंबाखूची पानं दिसली, तेव्हा रत्नागिरीच्या हनीफ भटाऱ्याला वाटलं, हीही सगळ्यांचीच. त्यानं आपली आई भाजायची तशी त्यांची मिशेरी भाजली. पान काळं होत गेलं, तसं घरचं अंगण वासावर बसून दर्या ओलांडून आलं. "यल्ला, चल यानीभाय, दात घास, लोखंड चावशील!" हनीफनं भुकटी पुढे केली. यानीनं रिकामा दोरा उचलला. "माँ बनाया... अपने हाथ से." दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "माँ खलास." हनीफला चूल विझवायचं भान उरेना. यानीनं काळ्या भुकटीत बोट बुडवलं, दातांवर फिरवलं. डोळे वाहू लागले, तशी जेवायला बसलेली माणसं वळून बघू लागली. "झोंबते," हनीफ मोठ्यानं म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांनाच झोंबते."