मागे किती?

एरवी गाडीच्या साध्या पट्ट्यासाठी आमच्या दुकानात तीन फेऱ्या मारणाऱ्या आर्वोकाकांनी बायकोसाठी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, मात्र पाच मिनिटांत निवडली. नवशिक्यांची, वजनाला हलकी, बटणावर सुरू होणारी आणि एकाच सीटची.

"चाळीस हिवाळे काकूंना मागे बसवून फिरवलंत, आता कंटाळलात होय?" मी चिडवलं.

"मी तेच म्हणतेय. दोघांची घे ना!" लेम्पीकाकू म्हणाल्या. काका ऐकेनात.

दुकानामागच्या जंगलवाटेवर चाचणी झाली. नव्या गाडीवर काकू पुढे, जुनीवर काका मागे. सरोवराकडून तिघे आपापल्या गाड्यांवर समोरून येत होते. आपल्यामागे किती गाड्या आहेत ते समोरच्याला बोटांनी दाखवायचं आणि कोणीच नसेल तर मूठ दाखवायची, ही आमच्याकडची रीत. काकूंनी ऐटीत एक बोट वर केलं.

परत आल्या तरी त्या बोट नाचवतच होत्या. "बघितलंस? चुकले का कुठे?"

"अजिबात नाही," काका म्हणाले. मग स्वतःचा हातमोजा काढून त्यांनी काकूंचं ते बोट अलगद मिटवलं आणि ती मूठ हातात धरून ठेवली.

"पुढच्या हिवाळ्यापासून मात्र अशी दाखवायची, लेम्पी."