लेथची लाइन

तळघरात आठवी हार्ड डिस्क सर्व्हरच्या कप्प्यात सरकवून ओक्तावियाननं बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि घरभर अंधार झाला.

टॉर्च घेऊन त्याचा बाप वालेरियू खाली उतरला. साखर कारखाना बंद पडेपर्यंत म्हातारा तिथं वायरमन होता.

"किती डिस्क लावल्यास?"

"जुन्या चार, नव्या चार. आणखी दोन दवाखान्यांचे एक्स-रे माझ्याकडे ठेवायला येतायत, बाबा."

"मग एकदम कशाला उठवतोस सगळ्यांना? आठ भावंडं एकाच मोरीवर धावली तर भांडणं होणारच. एकीमागून एक सुरू कर. आणि ही घरची वायर म्हातारी झालीय. तुला वेगळी लाइन हवी."

"ती कुठून आणायची?"

"माझ्या लेथ मशीनची आहे की."

ओक्तावियाननं बापाकडे पाहिलं. कारखाना गेल्यावर बापानं त्या लेथवरच दिवस काढले होते. आई गेल्यावर तर जास्तच.

"अरे, बघतोस काय? तुझा धंदा वाढतोय. मी आता काय लोखंड कातत बसणार?"

विकलेला लेथ टेम्पोत चढला तेव्हा शेजारची आउरेलिया कुंपणापाशी आली. "डोकं फिरलं का तुझं, वालेरियू?"

"गल्लीत एक तरी तरुण पोर दिसतं का तुला? कुणी इटलीत, कुणी स्पेनमध्ये. तुझी दोन्ही कुठायत? माझा इथंच पाय रोवतोय." बोलून गेल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. पण तिनं ऐकावं असंही वाटत होतंच.

मग बापलेक कामाला लागले. वालेरियूनं जाड तांब्याची वायर ओढली, नवे फ्यूज बसवले, भिंतीलगत बॅटऱ्या मांडल्या. एखादी डिस्क मेली तरी तिच्यावरची माहिती बाकीच्यांकडून परत मिळेल, अशी जोडणी ओक्तावियाननं केली. इतकी वर्षं दोघं एवढं बोलले नव्हते.

शेवटी वालेरियूनं मुद्दाम मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले. यंत्र मात्र चालूच राहिलं. अंधारात आठही डिस्कचे हिरवे ठिपके लुकलुकत होते. म्हाताऱ्याला हसू आवरेना. स्विच वर करून त्यानं घरची प्लमची दारू दोन पेल्यांत ओतली.

"आता याच्याजवळ कुणी बसायची गरज नाही," ओक्तावियान म्हणाला.

"मग तू दिवसभर काय करणार?"

ओक्तावियाननं पेला तसाच खाली ठेवला. "रॉटरडॅमला नोकरी मिळालीय, बाबा. रविवारी निघतोय. हे सगळं तिथून चालवता येईल."

वालेरियूनं बाटलीला बूच लावलं.

"कधी ठरलं?"

"हिवाळ्यातच."

"आणि मला आज सांगतोयस? लाइन टाकून झाल्यावर?"

"म्हणून तर तुमच्याकडून करून घेतली. दुसऱ्या कुणाच्या कामाच्या भरवशावर माझा पाय घरातून निघाला नसता."